धाबळीचा वायसर

आमचे घरमालक वकील होते, आणि हिंगोलीत त्यांच्याइतके खटले हरलेला दुसरा वकील सापडला नसता. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. ते स्वतःच ओसरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे. सांगताना चेहरा असा फुललेला असायचा की नवख्या माणसाला वाटावं, हे जिंकलेल्या खटल्यांबद्दलच बोलताहेत.

हरण्याचं कारण एकच. जिरह, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी, हा त्यांचा जीव की प्राण, आणि जिरहेत एक सवाल जास्त विचारायची त्यांना खोड होती. पुसेगावकडच्या बैलचोरीचा किस्सा तर सगळ्या गावाला पाठ होता. साक्षीदारानं कबूल केलं की अंधार होता, चोराचं तोंड दिसलं नाही. खटला तिथंच जिंकला होता. मुन्सफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली होती. पण आमचे वकीलसाहेब खाली बसतील तर शपथ. त्यांनी विचारलं, "मंग तू वळखलं कसं?" साक्षीदार म्हणाला, "आवाजावरून, साहेब. बैलाला शिव्या देत व्हता. तसल्या शिव्या आमच्या गावात दुसरं कोणी देत न्हाई." पक्षकार आत गेला. जाताना त्यानं कोर्टातच वकीलसाहेबांना त्यातल्या दोनचार ऐकवल्या, आणि साक्षीदार खरं बोलत होता याची सगळ्यांची खात्री पटली.

अशानं पक्षकार आटले. मग एका दिवशी त्यांनी आपलं लक्ष भांड्यांकडे वळवलं, आणि मी लग्न होऊन त्या घरात आले तोवर त्यांच्या ओसरीवर माणसांपेक्षा स्टोव्ह, बंब आणि सोरेच जास्त दिसत होते.

त्या काळी तांब्यापितळेचं भांडं फुटलं की ते कासाराला मोडीत द्यायचं आणि नवं घ्यायचं, ही सगळ्या जगाची रीत. बायका त्या दिवसाची वाट बघायच्या. कासार गल्लीत आला की घराघरातून पोचे आलेले तांबे, गळके बंब, दांडा निखळलेली झारी बाहेर निघे. वकीलसाहेब आपली कोर्टाची काळी शेरवानी अंगात चढवून, खाली धोतर तसंच, रस्त्यावर यायचे आणि मोडीच्या ढिगापुढे उभे राहायचे.

"यांची सुनावणी झाली का?"

कासार हात जोडायचा. "वकीलसाहेब, भांडी हायेत ती. त्यान्ला काय बोलता येतंय?"

"म्हणून तर वकील लागतो," असं म्हणून ते ढिगातलं एखादं भांडं उचलून घेऊन जायचे. ज्या बाईचं भांडं असेल ती चरफडायची. तिनं मनात नवा, चकचकीत बंब न्हाणीत मांडूनही झालेला असायचा. चार दिवसांनी तिचा जुनाच बंब ठाकठीक होऊन परत येई आणि तिला वरवर हसून तो घ्यावा लागे. पुढेपुढे कासारानं आमच्या गल्लीचा रस्ताच सोडला. बायका वकीलसाहेबांच्या नावानं बोटं मोडायच्या.

दुरुस्तीची त्यांची रीतही निराळी. वस्तूला हात लावायच्या आधी ते घरच्या बाईची जबानी घ्यायचे. वस्तू पाटावर ठेवायची, बाईनं समोर बसायचं. आधी ते "मुलजिम हाजिर?", म्हणजे आरोपी हजर आहे का, असं दरडावून विचारायचे, आणि बाईला "हाजिर" म्हणावं लागायचं, नाहीतर काम पुढे सरकत नसे. मग सवाल सुरू. शेवटी नीट कधी चाललं? त्या दिवशी काय शिजत होतं? हात कोणाचा होता? समोरच्या घरच्या काकू एकदा अडकलेला सोऱ्या घेऊन आल्या तर त्यांना विचारलं, "त्या दिवशी घरात भांडण झालं व्हतं का?"

काकू फणकारल्या. "माझ्या घरच्या भांडणाशी सोऱ्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. कोणाशी झालं ते सांगू नका, झालं का तेवढं सांगा."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "झालं व्हतं. जाऊबाईशी."

"बराबर. रागाच्या हातानं फिरवला की आटे एकमेकांवर चढतात. माणूस मोकळं होतं, सोऱ्या अडकून बसतो." इथं थांबायला काय हरकत होती? पण नाही. "आता सांगा, चूक कोणाची व्हती?" त्याचं उत्तर काकूंनी जे द्यायला घेतलं ते दिवेलागणीपर्यंत संपलं नाही, आणि शेजारच्या घरात जाऊबाई ते सगळं ऐकत होत्या.

दुरुस्त झालेली वस्तू वकीलसाहेबांच्या हातची आहे हे लांबून ओळखू यायचं. ती पूर्वीसारखी कधीच चालत नसे. चालायची, पण त्यांच्या तऱ्हेनं. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बंबांच्या तोट्या उलट्या फिरत. कुणाकडे पाहुणा आला आणि न्हाणीत शिरला की बाहेरून कोणीतरी ओरडून सांगायचं, "तोटी उलटी फिरवा हो, न्हाईतर पोळाल." त्यांचा स्वतःचा स्टोव्ह तीन मेलेल्या स्टोव्हांतून उठवलेला होता. टाकी एकाची, बर्नर दुसऱ्याचा, पाय तिसऱ्याचे, आणि एक पाय आखूड. त्याच्याखाली ते नारळाची करवंटी ठेवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हातानं करून खायचे. फी म्हणून कुणाकडून काही घेत नसत. एकच अट: दुरुस्त वस्तूवर पहिलं जे शिजेल, तळलं जाईल, ते पहिलं त्यांच्या ताटात. सोऱ्याची पहिली शेव, स्टोव्हचा पहिला चहा. "फैसला जिभेवर झाला पायजे," म्हणायचे.

मग जर्मनीची लढाई सुरू झाली, आणि बघता बघता बाजारातून सगळं नाहीसं झालं. तांब्यापितळेचा पत्रा दिसेना, स्टोव्हच्या पिना मिळेनात, पंपातले वायसर, म्हणजे वॉशर, मिळेनात. आणि वकीलसाहेबांचे दिवस आले. कळमनुरीहून, वारंग्याहून लोक बैलगाडीत स्टोव्ह घालून येऊ लागले. ओसरीवर अशी गर्दी की आम्हाला पाण्याच्या घागरी डोक्यावरून उतरवायला जागा मिळू नये. आणि विजयात हा माणूस अगदी असह्य होता. नम्रता बिम्रता काही नाही. आलेल्याला आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "तुमी मला येडा म्हणत व्हता. आज एकडाव म्हणून दाखवा, मग स्टोव्ह उघडतो." लोक ओशाळून म्हणायचे, आणि ते खूश होऊन कामाला लागायचे.

एके दिवशी तर खुद्द कासार घरचा गळका बंब डोक्यावर घेऊन आला. नवा माल येतच नव्हता, त्याच्या बायकोला आंघोळीला पाणी तापवायचं होतं. वकीलसाहेब उठले, आत गेले, शेरवानी घालून आले. एकच गुंडी उरली होती ती लावली.

"मुलजिम हाजिर?"

कासारानं खाली बघत म्हटलं, "हाजिर हाय, सरकार."

तो बंब त्यांनी इतक्या प्रेमानं दुरुस्त केला की त्याची तोटी चक्क सुलटी फिरायची.

आता माझ्या स्टोव्हचं सांगते.

आम्ही त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मी, आमचे हे, आणि सासूबाई. रामाच्या देवळाची पूजा आमच्या घराण्याकडे होती. हे पहाटे पूजा करायचे आणि मग तहसील कचेरीत कारकुनीला जायचे. देवाचा रोजचा नैवेद्य आमच्या घरून, सोवळ्यात शिजून जायचा. सासूबाईंचं सोवळं फार कडक. मामंजी गेल्यापासून त्या त्यांचीच जुनी धाबळी नेसायच्या. तांबूस, जाड लोकरीची, कडा विरलेली. तिच्यातच मामंजींनी जन्मभर रामाची पूजा केली होती. चुलीचा धूर मात्र सासूबाईंना सोसत नसे. डोळे गळायला लागत. म्हणून रांधणं माझ्याकडे होतं.

वसमतला माहेरी मी सातवीपर्यंत शिकले होते. गावातल्या मुलींच्या शाळेला बाई हव्या होत्या, आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी मला विचारलं. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "देवाचा नैवेद्य येळेवर जायला पायजे आन घरचं जेवण व्हायला पायजे. मंग शाळेत जा, न्हाईतर काशीला जा." एका चुलीवर हे दोन्ही शाळेच्या वेळेआधी होणं शक्य नव्हतं. पण माझ्या भावानं लग्नात स्टोव्ह दिला होता. सासूबाईंनी त्यावर पाणी शिंपडलं, पितळ आहे, अग्नी आहे, चालतंय म्हणाल्या. चुलीवर वरणभात आणि स्टोव्हवर भाजी, खीर असं करत मी शाळेला लागले.

ते दिवस मला अजून तोंडात गूळ ठेवल्यासारखे आठवतात. घरात मी सून होते, वहिनी होते, अमक्याची लेक होते. शाळेत मी बाई होते. चिमुरड्या पोरी पाटीवर अक्षर काढून माझ्याकडे बघायच्या, बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यासाठी मी पहाटे कितीही लवकर उठले असते.

लढाईच्या ऐन टंचाईत एका सकाळी स्टोव्हचा पंप पोकळ झाला. दांडा खालीवर होतोय, पण हवा भरत नाही. मी स्टोव्ह वकीलसाहेबांच्या ओसरीवर नेला. सासूबाई जपमाळ घेऊन दारात येऊन बसल्या. गर्दी होतीच. वकीलसाहेबांना एवढे प्रेक्षक मिळाले की काही विचारू नका.

जबानी झाली. पंप उघडला. दांड्याच्या टोकाला काळी, वाटीसारखी टोपी होती, ती त्यांनी बोटावर फिरवून बघितली. "वायसर सुकला, दुसरं काही न्हाई. तेलाचे दोन थेंब, की मुलजिम बाइज्जत बरी, निर्दोष सुटला."

लोकांनी माना डोलावल्या. खटला जिंकला होता. मी स्टोव्ह घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात त्यांनी ती टोपी उंच धरली आणि सासूबाईंना विचारलं, "वैनी, हा वायसर कशाचा असंल, सांगा बरं?"

"मला काय म्हाईत? फडक्याचा असंल."

"अहो, फडक्यानं हवा कशी अडंल? चामडं आहे हे. असल बैलाचं चामडं."

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. विहिरीवर जाऊन अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावर पाणी घेतलं, ओलेत्यानं परत आल्या आणि मला म्हणाल्या, "एवढे दिवस देवाला चामड्यावरचा नैवेद्य चाललाय."

स्टोव्ह चिमट्यानं धरून मागच्या न्हाणीत गेला. ह्यांनी देवळात जाऊन शुद्धी केली, घरात उपास पडला. संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "शाळा सोड असं मी म्हणत न्हाई. पण सोवळं मोडणार न्हाई आन देव उपाशी राहणार न्हाई. तुझं तू बघ." त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या खरं बोलत होत्या, म्हणून मी उठून उद्याचे तांदूळ निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवसापासून मला शाळेत उशीर होऊ लागला. एकट्या चुलीवर सगळं उरकून धावतपळत जायचे तोवर पोरींची प्रार्थना होऊन अर्धा तास लोटलेला असे. मोठ्या बाई भल्या होत्या, पण शाळा त्यांनाच चालवायची होती. मंगळवारी त्यांनी मला येत्या सोमवारपर्यंतची मुदत दिली. सोमवारी वेळेवर आलात तर या, नाहीतर मला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील.

त्याच दिवशी वकीलसाहेब परसदारी आले. शेरवानी नव्हती. "सूनबाई, तुमचा खटला मी हरलो."

"जिंकलेला खटला हरलात, काका," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"व्हय. माझे सगळे तसेच हायेत." मग थोडे सरळ उभे राहून म्हणाले, "पण याच्यावर अपील व्हतं."

पुढच्या चार दिवसांत त्या माणसानं दुसऱ्या कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. वारंग्याची गाडी परत गेली. चामडं सोडून कशाचा वायसर होईल, एवढाच ध्यास. सुती कापड गुंडाळून पाहिलं, त्यातून हवा जायची. सुतळी पाहिली. केळीच्या खोडाचा सोप पाहिला. लाकडाचा बोळा केला तो आत अडकला, आणि तो काढता काढता त्यांनी लाकूड जन्माला घालणाऱ्याचाही उद्धार केला. त्यांच्या घरातून पंपाचा फुसफुस आवाज आणि मागोमाग उर्दू शिव्या दिवसभर ऐकू यायच्या.

शनिवारी सकाळी पूजा आटोपल्यावर ते शेरवानी घालून आमच्या दारात हजर झाले. सोवळ्याला शिवायला नको म्हणून उंबऱ्याबाहेर पाट मागून घेतला.

"वैनी, चार सवाल इचारायचे हायेत."

"तुमच्या सवालांनीच घर बाटलंय," सासूबाई म्हणाल्या. पण बसल्या. मनातून त्यांनाही ते नाटक आवडायचं, असा मला संशय आहे.

"तुमच्या घरात सगळ्यात सोवळी वस्तू कोणती?"

"देव."

"देव काही वस्तू न्हाई. दुसरी सांगा."

"गंगेचं पाणी."

"पाण्याचा वायसर व्हत न्हाई. आणखी?"

सासूबाईंनी अंगावर बघितलं. "मंग ही धाबळी. लोकरीला विटाळ न्हाई. सुताला हाय, लोकरीला न्हाई."

"कोणाची धाबळी?"

"तुमाला म्हाईत हाय कोणाची ते. काहून इचारता?"

"गवाहानं आपल्या तोंडानं सांगायला पायजे."

"त्यांची," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. धाबळीचा पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला. "तुमी कुठं चालला ते समजलं मला. त्यांची एवढीच वस्तू राह्यली हाय माझ्याजवळ."

वकीलसाहेब बोलले तेव्हा त्यांचा कोर्टातला आवाज गेला होता. "वैनी, माझ्या घरातली जुनी वस्तू मी काहून टाकत न्हाई? तिला माझ्या बायकोचा हात लागलेला हाय. नुसती जपून ठिवली तर ती वस्तू मरते. चालती राह्यली तर ते माणूस घरात राहतं. आता एकच सांगा. याच धाबळीत त्यांनी रामाची पूजा केली. त्याच धाबळीच्या जोरावर रामाचा नैवेद्य शिजला, तर त्यांना तकलीफ व्हईल?"

सासूबाईंनी मुठीतला पदर मांडीवर पसरला. मी चुलीपाशी उभी होते, हातात पळी होती, आणि भात करपत होता तरी मला हलवत नव्हतं.

"न्हाई व्हणार," त्या म्हणाल्या. "उलट बरं वाटंल त्यांना."

झालं. अपील जिंकलं. मी श्वास सोडला. आणि बघते तर वकीलसाहेबांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली होती. बोट वर गेलं होतं.

"आता मला सांगा वैनी, मेंढराची लोकर जिथं उगवते, तिथं तिच्या खाली काय—"

मी पळी हातातून सोडली. ती परातीवर पडली आणि जो काही आवाज झाला तो देवळापर्यंत गेला असेल. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं, सवाल ओठांवर होता, आणि तो गिळताना त्या माणसाला काय त्रास झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी बोट खाली घेतलं.

"बस. माझे सवाल संपले."

धाबळीची विरलेली कड सासूबाईंनी स्वतः विळीवर कापली. ओंजळीएवढा तुकडा निघाला. कापताना त्या रामाचं नाव घेत होत्या.

नुसती लोकर मऊ, तिला हवा अडवता येईना. तेव्हा वकीलसाहेबांनी तो तुकडा कढत पाण्यात रिठ्यानं भिजवला आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं कुटला. वाळवला, परत भिजवला, परत कुटला. तो आटत, घट्ट होत होत नाण्यासारखा कडक झाला. मग लाटण्याच्या टोकावर ओला बसवून दोऱ्यानं बांधला, म्हणजे वाटीचा आकार आला. शेवटी मेण आणि आमच्याच घरी काढलेलं एरंडेल पाजलं. हे सगळं सोवळ्यात व्हायला हवं असं सासूबाईंनी बजावलं होतं. जन्मात संध्येचं आचमनसुद्धा धड न केलेला हा माणूस ऐन थंडीत विहिरीवर आंघोळ करून, ओल्या पंच्यावर, दातांचं वाजणं थांबवत वरवंटा चालवत होता. सासूबाई दारात बसून लक्ष ठेवून होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "पंचा वाळला तुमचा. परत भिजवून या."

सोमवारी पहाटे हे देवळात गेले. चिंचेनं घासून, गोमूत्र शिंपडून स्टोव्ह परत आत आला होता. वकीलसाहेब ओलेत्यानं उंबऱ्याशी उभे होते. मी काकडा पेटवला, बर्नर तापू दिला. पंपाला हात लावणार तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. मी मारते."

त्यांनी धाबळी सावरली, स्टोव्हपुढे बसल्या आणि दांडा ओढून दाबला. फुस झालं नाही. दांड्यानं हाताला उलटा जोर दिला. आणखी दाबला, आणखी. आणि एकदम स्टोव्ह गरजला. निळी ज्योत उभी राहिली, सगळ्या घरात तो आवाज भरला. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही, गाण्यातसुद्धा.

"चाललं की," सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांचे डोळे गळायला लागले, घरात धूर नसताना.

पहिलं जे शिजेल ते वकीलसाहेबांचं, हा शिरस्ता त्या दिवशी मोडला. पहिली खीर रामाला गेली. वकीलसाहेब दुसरे राहिले आणि कुरकुरले नाहीत. मी त्यांना वाटीभर खीर दिली, पाटीपुस्तक उचललं आणि निघाले. धावत नाही, चालत. शाळेच्या दारात पोचले तेव्हा घंटा द्यायची होती. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि घंटेची दोरी माझ्या हातात दिली. मी ती इतक्या जोरानं ओढली की पोरी हसायला लागल्या.

त्या शाळेतून मी पुढं निवृत्त झाले ती मोठी बाई म्हणून.

लोकरीचा वायसर काही जन्मभर टिकत नाही. सहासात महिन्यांनी झिजायचा. मग सासूबाई धाबळीची आणखी एक चकती कापून द्यायच्या आणि वकीलसाहेब कुटायला बसायचे. कडेची विरलेली पट्टी संपली तसं मधे वाटोळं कापावं लागलं. लढाई संपली, बाजारात वायसर परत आले. ह्यांनी एक नवा आणला तर सासूबाईंनी तो चिमट्यानंसुद्धा उचलला नाही. "आमच्या स्टोव्हला हे पचत न्हाई," म्हणाल्या. वकीलसाहेब ओसरीवरून सगळ्यांना ऐकवायचे की हिंगोलीत सोवळ्यात चालणारा स्टोव्ह एकच, आणि त्याचे वकील आपण. एव्हाना गावातल्या आणखी काही घरांतल्या धाबळ्यांनाही भोकं पडू लागली होती, आणि त्याचं श्रेय घ्यायला ते कधी विसरले नाहीत.

शेवटी सांगायचं ते देवळातलं. रामनवमीला सासूबाई तीच धाबळी नेसून गाभाऱ्याच्या दाराशी बसल्या होत्या. पाठीवर, कडेला, जागोजागी वाटोळी भोकं. समोरच्या घरच्या काकूंनी मोठ्यानं विचारलं, "अहो, एवढी चांगली धाबळी, कसर लागली का हो?"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. सासूबाईंनी धाबळीवरून हात फिरवला, भोकांवरूनच.

"कसर न्हाई लागली," त्या म्हणाल्या. "ही आमच्या सुनेची शाळा हाय."

वकीलसाहेब खांबाला टेकून बसले होते. शेरवानीतच. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघायला लागलं, कारण आता ते काहीतरी विचारणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मीही बघत होते. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"या गवाहाला," ते म्हणाले, "माझी जिरह न्हाई."